आठ तासांची कोंबडी

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा, गुडघा परवानगी देतो तितकंच वाकून, नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं). तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की कपाटाच्या दाराला आतून टांगून ठेवलायस? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून शेजाऱ्यांच्या घरातलं सगळं स्पष्ट दिसतं, असं तू मागे लिहिलं होतंस. वाचून आनंद झाला, आणि तुझ्या शेजाऱ्यांची थोडी काळजीही वाटली. फोनच केला असता, पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि हिचे कान सगळ्या खोल्यांत. शिवाय फोनवर तू बोलतेस आणि मी हूं म्हणतो. पत्रात निदान मला बोलायला मिळतं.

तर सांगायची गोष्ट अशी, की मी निवृत्त झालो तेव्हा तू मला जो स्लो कुकर पाठवला होतास, त्यात परवाच्या रविवारी मी एकट्याने घरच्या चौघांसाठी कोंबडी शिजवली. ‘शिजवली’ हा शब्द जरा सैल वापरलाय, त्याचा खुलासा पुढे येईल. आधी ही वेळ माझ्यावर का आली ते ऐक. लेकीला सातवा लागला, हे तुला ठाऊक आहेच. पुढच्या महिन्यात तुझी भावजय तिच्याकडे जाणार, ती थेट चार महिने. मग माझं काय करायचं, असा प्रश्न निघाला. ‘यांचं काय करायचं’ हे शब्द मी त्याच खोलीत बसलेलो असताना, जुन्या सोफ्याबद्दल बोलावं तसे बोलले गेले. मुलगा म्हणाला, बाबांनी आमच्याकडे यावं. त्यांच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत माशांची टाकी, आणि मी झोपायचं टाकीजवळ. ही म्हणाली, मी तुझ्याकडे यावं, अक्का. मी म्हणालो, मी कुठेही जाणार नाही. अग्निशमन दलात चौतीस वर्षं दुसऱ्यांची घरं वाचवलेल्या माणसाला स्वतःच्या घरात चार महिने राहता येतं. यावर मुलगा, सून आणि ही, तिघांनी फक्त स्वयंपाकघरातल्या काळ्या भिंतीकडे पाहिलं.

त्या भिंतीबद्दल तुला कोणीतरी (म्हणजे हिनेच) सांगितलं असेल, पण खरी हकिगत माझ्याकडून ऐक. गेल्या महिन्यात ही दोन दिवस गावाला गेली होती. मी गॅसवर दोन अंडी उकडायला ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जरा टेकलो. पाणी आटलं, अंडी फुटली, हँडलने पेट घेतला, आणि समोरच्या शिंप्याने बंबाला फोन केला. घंटा वाजली तशी मी झोपेतच उठून बूट शोधायला लागलो. बूट सापडेपर्यंत जिन्यावरून चार पोरं वर आली, चौघंही माझ्या हाताखाली शिकलेली. त्यांच्यातल्या मोठ्याने मला आधी सलाम ठोकला आणि मग भांडं विझवलं. नंतर वही काढून तो नियमाप्रमाणे घरमालकाचा व्यवसाय विचारायला लागला. मी म्हणालो, तुला माहीत आहे. तो खाली मान घालून म्हणाला, साहेब, तुम्हीच शिकवलंय, विचारूनच लिहायचं. गल्लीतली सगळी माणसं खाली उभी होती आणि मी व्यवसाय सांगत होतो.

म्हणून परीक्षा ठरली. रविवारी संध्याकाळी सहा वाजता चौघांचं जेवण, माझ्या एकट्याच्या हातचं, आगीविना, धुराविना. पास झालो तर मी घरी राहायचं, नापास झालो तर माशांच्या शेजारी. हिने दिवसभर घरात थांबायचं नाही आणि काहीही झालं तरी मदत करायची नाही. तेव्हा मला माळ्यावरच्या तुझ्या स्लो कुकरची आठवण झाली. त्याच्याबरोबरचं पुस्तक मी भिंगाखाली धरून दोनदा वाचलं. कापायचं, भरायचं, झाकण लावायचं, आठ तास विसरून जायचं. झाकण मधे उघडायचं नाही, ढवळायचं नाही. ज्वाळा नाही, आटणं नाही, करपणं नाही. अक्का, हे यंत्र माझ्यासारख्या माणसासाठीच कोणीतरी काढलं असावं असं मला वाटलं.

फक्त पुस्तकातलं एक वाक्य मला खटकलं. ‘कुकर चालू ठेवून निर्धास्तपणे घराबाहेर पडा.’ मी हे वाक्य वाचून पुस्तक मिटलं आणि पाणी प्यायलो. चौतीस वर्षांत मी निदान दोनशे शाळांमधून व्याख्यानं दिली असतील, आणि प्रत्येक व्याख्यानात एकच मंत्र: घर सोडताना प्रत्येक बटणाला हात लावा. नुसतं बघू नका, हात लावा. आमच्या घरात तर हा कायदाच आहे. मुलगा चार वर्षांचा असताना स्टुलावर चढून बटणं बंद करायचा. लग्नाच्या दिवशी सगळे गाडीत बसले आणि नवरामुलगा परत वर गेला, बटणांना हात लावायला. सूनबाई घरात आली तेव्हा तिलाही मी तिसऱ्याच दिवशी शिकवलं. सांगायचा मुद्दा, आमच्याकडे बटण बंद करायला डोकं लागत नाही, बोट आपलं आपण जातं.

रविवारी नऊ वाजता मी कोंबडीचे तुकडे, बटाटे, गाजरं, चार कांदे, लसणीचा एक पूर्ण गड्डा, मिरी आणि मीठ असं सगळं व्यवस्थित भरलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. ही दहाला मैत्रिणीकडे गेली. जाताना स्वयंपाकघराच्या दारातून नुसती एक नजर टाकली, तोंडातून शब्द नाही (तिला हे किती जड गेलं असेल ते तुला सांगायला नको). साडेदहाला मी पाव आणायला खाली गेलो, सव्वा अकराला परत आलो, तर दिवा बंद. मी ठरवलं, वीज गेली असणार. पुन्हा बटण दाबलं. मग त्या दिव्याकडे बघत खुर्चीवर बसलो आणि सकाळच्या दगदगीने दमून तिथेच झोपलो. सव्वादोनला जाग आली, तर दिवा पुन्हा बंद. मी वीज कंपनीला मनातल्या मनात बरंच काही बोललो आणि पुन्हा बटण दाबलं. साडेतीनला मुलगा घडीच्या खुर्च्या घेऊन आला. एका खेपेत दोनच आल्या, म्हणून उरलेल्या आणायला आम्ही दोघं खाली गेलो. वर आल्यावर खुर्च्या पुसण्यात, टेबल ओढण्यात आणि टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारण्यात माझे पावणेदोन तास गेले. सव्वापाचला आत जाऊन बघतो तर काय, दिवा बंद.

पुस्तकाची आज्ञा म्हणून मी सकाळपासून झाकण उघडलं नव्हतं. आता उघडलं. कोंबडी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी निवांत पडली होती. बटाटा दाबला, तर त्याने माझंच बोट दाबलं. तेवढ्यात ही आणि सूनबाई एकदमच आल्या. सूनबाई नर्स आहे, आणि नर्सच्या पिशवीत काय नसतं? तिने थर्मामीटर काढला, तुकड्यात खुपसला, उजेडात धरला आणि वॉर्डात सांगतात त्याच आवाजात म्हणाली, “साडेअडतीस. बाबा, हिला नुसती कणकण आहे.” मी म्हटलं, आणखी दोन तास ठेवू. त्यावर तिने अर्धवट कोमट राहिलेल्या कोंबडीने माणसाचं काय होतं याचं असं काही वर्णन केलं, की मुलगा खुर्चीवर बसला. मग तिने हातमोजे घातले आणि माझी आठ तासांची कोंबडी पिशवीत बांधून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकली. बटाट्यांसकट. लसणीसाठी मला फार वाईट वाटलं.

मी लगेच चौकशी बसवली. (आयुष्यभर आग का लागली याच्या चौकशा केल्या. ती का लागली नाही याची ही पहिलीच.) तिघांना ओळीने उभं केलं. ही पहिल्यांदा कबूल झाली. पावणेएकला ती चष्मा न्यायला आली होती, मी घोरत होतो, बटण चालू होतं. मदत करायची नाही असं ठरलं होतं, बटण बंद करायचं नाही असं ठरलं नव्हतं. मुलगा म्हणाला, खुर्च्या आणायला उतरताना मागे मीच होतो, मग हात लावला. तो बस डेपोत वेळापत्रकं आखतो. त्याने माझ्याच पावाच्या कागदावर गाड्यांसारखे आकडे मांडले आणि कुकर एकूण सव्वाचार तास चालला असं काढून दाखवलं. मग पेन्सिल साडेदहावर ठेवून त्याने अगदी हळू विचारलं की तेव्हा घरातून शेवटी बाहेर कोण पडलं होतं. अक्का, मी पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे पाहिलं. आपणच लावलेलं झाड आपल्याच डोक्यावर पडावं, तसं झालं.

चौघंही उपाशी होतो. घरात पाव होता आणि आठ अंडी होती. मी पातेल्यात पाणी घेतलं, अंडी सोडली, गॅस पेटवला आणि त्याच्यासमोर उभा राहिलो. तिघं माझ्या मागे उभे राहिले. मी डोळे हलवले नाहीत. त्या काळ्या भिंतीकडेसुद्धा पाहिलं नाही. अकरा मिनिटं मी पातेल्यावर पहारा दिला. मग गॅस बंद केला, त्याला हात लावून पुन्हा पाहिलं, आणि आठही अंडी सोलून टेबलावर ठेवली. एकही फुटलं नव्हतं. आम्ही ती पावाबरोबर मीठमिरी लावून खाल्ली. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

निकाल सांगायचं काम मुलाचं होतं. तो घुटमळत होता, कारण कोंबडी तर डब्यात गेली होती. शेवटी हीच बोलली. माझ्याकडे न बघता, टरफलं गोळा करता करता म्हणाली, “उपाशी राहतील, पण जळायचे नाहीत. राहू दे त्यांना इथे.” झालं, मी पास. सूनबाईने त्याच पावाच्या कागदावर सही केली, मुलाने माझा हात दाबला. आता सोमवारपासून ही डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत सुटलीय. साखरेच्या डब्यावर ‘साखर’ लिहिलंय. मी काही बोलत नाही, जिंकलेल्या माणसाने मोठं मन ठेवावं.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. मी इथे एकटा अगदी मजेत राहणार आहे. पट्टा बांध, आणि शेजाऱ्यांना पडदे लावायला वेळ देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. कुकर उत्तम आहे. दोष त्याचा नाही. घासून पुसून पुन्हा माळ्यावर ठेवलाय.

ता. क. आणखी एक. वर मी दमून झोपलो असं लिहिलंय, ते खरं नाही. दहाला हिच्या चपलांचा आवाज जिन्यात संपला, आणि पुढे काय करायचं ते मला कळेना. रेडिओ लावला, बंद केला. पाव खालच्याच दुकानात मिळतो, मी तीन गल्ल्या हिंडून आणला. मग त्या लाल दिव्याशी बोललो, अक्का. त्याला विचारलं, काय म्हणतोस. गप्प बसून बसून शेवटी डोळा लागला. एका दिवसात ही गत, तर चार महिने कसे काढायचे, याची मला भीती वाटते. पण आता एवढं भांडून जिंकलोय, तोंडाने सांगू कसा? म्हणून एक कर. तू हिला पत्र लिही आणि मला बोलावून घे. पण गरज तुझी आहे असं दिसू दे. नळ गळतो म्हण, जिना चढवत नाही म्हण, काहीही म्हण. मी दोनदा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा विचारायला हिला सांगून ठेव.

ता. क. पाकिटाला डिंक लावला होता, तो सोडवून हे लिहितोय. आत्ताच पोस्टमन तुझं पत्र देऊन गेला, हिच्या नावाचं. हिने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. तुला म्हणे हल्ली घरात एकटीला भीती वाटते, रात्री आवाज येतात, चार महिने भाऊ सोबतीला आला तर बरं होईल. तू हे लिहिलंस. चोराच्या मागे जिन्यावरून धावत जाऊन त्याची एक चप्पल काढून घेतलेली तू. मी एकदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा म्हणायचं राहून गेलं. ही माझ्याकडे पाठ करून डब्यांना चिठ्ठ्या लावत होती. पत्रावरची तारीख रविवारच्या आधीची आहे, ती मी पाहिली. तुझं तुला सुचलं असेल तर ही निघाली की दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येतो. हिने तुला लिहायला सांगितलं असेल, तरी त्याच गाडीने येतो. दोन्हींपैकी खरं काय ते मात्र मला कधी सांगू नकोस.