प्रतिक्षाला अडचण येत नाही, त्याविषयी

चि. उकंडराव यास आक्काचे आशीर्वाद.

तुझी तब्येत, शालूबाईची कंबर आणि सोयाबीनची कापणी ही तिन्ही ठीक आहेत असं धरून चालते. (ठीक नसतील तर कळव, पण आधी हे पत्र पूर्ण वाच.) मोबाईलच्या काळात पत्र काहून, असं तुला वाटेल. कारण असं की हा विषय मी फोनवर दोनदा काढला आणि दोन्ही वेळा तुझ्या दारात ट्रॅक्टर आलं. आता आलं तर पत्र खिशात ठेव आणि ते गेल्यावर पुढं वाच. विषय तुझ्या लेकीच्या पाळीचा आहे. शब्द वाचून इकडंतिकडं बघू नकोस. तीन बहिणींच्या पाठीवर जन्मलेला पन्नाशीचा माणूस आहेस तू.

प्रतिक्षा कॉलेजसाठी माझ्याकडं हिंगोलीला आली तेव्हापासून आमच्या गल्लीत तिचा भाव वाढतच होता. याला कारण महालक्ष्म्या. सोवळ्याचा स्वयंपाक, पुरण, आंबील, सोळा भाज्या, आणि ऐन वेळी कुठल्या सुनेला अडचण येईल याचा नेम नाही. म्हणून बायका पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खातात. (आणि मळमळत्या पोटानं नैवेद्य दाखवतात. देवीला हे कितपत आवडतं, ठाऊक नाही.) आपल्या पोरीला गोळीच लागत नाही, हा शोध शेजारच्या पारुबाईंनी लावला. "कवाबी बोलवा, या पोरीला अडचण म्हणून न्हाईच. हिरा हाये," असं त्या गल्लीभर सांगत सुटल्या. मग काय, यंदा हा हिरा घरोघर पुरण वाटत फिरला. प्रत्येक घरी ओटी भरली. मीही मान ताठ करून हिंडत होते, जणू हे पुण्य माझंच.

शेवटच्या घरून पोरगी परतली आणि ओट्याला धरून उभी राहिली. चेहरा उतरलेला. मी विचारलं, मागची पाळी कधी आली होती गं? ती म्हणाली, "होळीच्या आधी." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बाथरूमचं दार लावून ही बया आतमध्ये मोबाईल बघते असं मी समजत होते, ती हनुवटीवरचे केस उपटत होती. आईला, म्हणजे तुझ्या शालूबाईला, सांगितलं होतं तर ती म्हणाली, लगीन झालं की समदं बराबर व्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. आजाराचं नाव पीसीओएस. नीट वाच, कारण तू पुढं भलतंच सांगत सुटशील. अंगातल्या संप्रेरकांचा ताळमेळ बिघडतो आणि अंडाशयातली बीजं अर्धवट वाढून थांबतात. तपासणीत बारीक फोड दिसतात, पण त्या गाठी नव्हेत आणि कॅन्सरही नव्हे. पाळी लांबते, वजन चढतं, मुरुमं येतात, मान काळवंडते. (तीच मान, जी गेल्या दिवाळीत तुम्ही बेसन लावून घासायला लावली. तो मळ नव्हता, रे.) दुर्लक्ष केलं तर पुढं साखरेचा आजार जडू शकतो, आणि महिनोन् महिने पाळी न येणं गर्भाशयालाही बरं नाही. समूळ जात नाही, पण चालणं, वेळेवर जेवण आणि औषध यांनी ताब्यात राहतं. अशा कितीतरी बायकांना लेकरं होतात, काहींना थोडे उपचार लागतात एवढंच. लग्न हे यावर औषध आहे का, असंही मी विचारलं. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुठल्या मेडिकलवर मिळतं, मलाही सांगा."

आता गल्लीचं ऐक. बिनलग्नाची पोरगी बायांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना कुणीतरी पाहिली. आमचा ऑटो घरी पोचला त्याआधी बातमी पोचली होती. नवरात्रात पारुबाई स्वयंपाकाचं बोलावणं घेऊन आल्या, म्हणजे खरं तर पोरीचं पोट न्याहाळायला आल्या. मी पदर खोचून उठत होते (तीस वर्षं तहसील कचेरीत मी भल्याभल्यांना रांगेत उभं केलंय), तेवढ्यात प्रतिक्षाच समोर गेली. म्हणाली, "काकू, मला अडचण येत न्हाई तो माझा आजार हाये, पुण्य न्हाई. औषध चालू हाये. आता अडचण आली की मी सगळ्यात खूश असणार." पारुबाईंनी हळदीकुंकवाची कोयरी बाजूला ठेवली. मग खाली बसल्या आणि पाणी मागितलं.

त्यानंतर आमच्या मागच्या दाराला भलतीच वर्दळ झाली. पुढच्या दारानं कुणी येत नाही. आधी गल्लीतली मिना आली, नंतर पारुबाई स्वतः आल्या, "आमच्या पल्लवीचंबी असंच हाये, पत्ता द्या ना." सकाळी आम्ही दोघी चालायला निघतो तर मागं पाच-सहा जणी असतात. बोलतात जास्त, चालतात कमी. मी पुढून दटावते.

तेव्हा कनेरगाव नाक्याच्या त्या पाहुण्यांना सांग की पोरीचं शेवटचं वर्ष आहे, परीक्षा होईपर्यंत बघायला येऊ नये. पुढं बोलणी झाली तर आजार लपवायचा नाही. तो ऐकून उठून जाणारे लोक आधीच गेलेले बरे.

शालूबाईला रागावू नकोस. तिलाही या आजाराचं कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझी,
आक्का

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहायला घेतलं. तू फोनवर तिला "काय पैलवान" म्हणतोस. लहानपणापासून म्हणतोस, मायेनं म्हणतोस, ठाऊक आहे मला. ती हसते, फोन ठेवते आणि ताट सारते. ते बंद कर. नावानं हाक मार.

आणखी एक. पाकीट चिकटवायच्या आधी प्रतिक्षानं हे वाचलं. म्हणते, "आत्या, पैलवानाचं खोड. दादांना वाईट वाटंल." मी लिहिलेलं खोडत नसते. मग म्हणाली, "तर एवढं लिही, येत्या गुरुवारी दवाखान्यात दादांनी माझ्यासंगं यावं. काय विचारायचं ते स्वतः विचारावं." तर ये. सगळ्या बायकाच असतील, तुला त्यांच्यामध्ये बाकावर बसावं लागेल. मान खाली घालून बसू नकोस. ती तुझ्याकडंच बघत असणार.