सैन्य तयार शे

ता. चोपडा, १७ एप्रिल २०२५

चि. गोपाल यास अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. बरे नाही आहोत.

फोन केला की तू तो सूनबाईच्या, शीतलच्या हाती देतोस आणि मला निम्मे ऐकू येत नाही, म्हणून पत्र. यंदा सुट्टीत रिद्धीला धुळ्याहून पाठवणार नाही म्हणे. कारण काय, तर शाळेच्या नाटकात तिने "महाराज, सैन्य तयार आहे" म्हणायचे ते "सैन्य तयार शे" म्हटले आणि सगळे हसले. दोष आमचा. अरे, दिवाळीला आठ दिवस आली होती. आठ दिवसांत सात वर्षांच्या पोरीची जीभ बिघडते का?

शाळेत असताना तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दप्तरात लपवायचास. आता तुझ्या बँकेतले साहेब तीच हॉटेलात मागवतात आणि खाण्याआधी फोटो काढतात. भाकरी चालते, ती करणारीची बोली चालत नाही. माझ्यासारख्या चौथी शिकलेल्याला हे समजत नाही. पोरीला पाठव. तुझी आई रोज विचारून माझे डोके खाते.

तुझा,
आबा

धुळे, २६ एप्रिल २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. मी अकरा वर्षांचा असताना चोपड्याच्या शाळेत आलो. पहिल्याच दिवशी सरांनी उभे केले आणि माझ्याकडून वीस वेळा "आहे" म्हणवून घेतले. वर्ग बाके बडवत होता. वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. हे तुम्हाला कधी सांगितले नाही. रिद्धीचे तसे होऊ नये, एवढेच.

तीन तारखेला आठ दिवसांसाठी आणून सोडतो. एकच अट. घरात सर्वांनी शुद्ध मराठी बोलायची, आईनेही. कृपा असू द्यावी.

आपला,
गोपाल

ता. चोपडा, ८ मे २०२५

चि. गोपाल यास अनेक आशीर्वाद.

वीस वेळा म्हणालास. त्या मास्तरला मी दर पोळ्याला नारळ देत होतो रे. तेव्हाच सांगायचे होतेस.

तुझी अट पाळली. तू यायच्या आधी चार दिवस सराव केला. बैलाला "वळ" म्हटले तर तो उभा राहून माझ्याकडे पाहत बसला. त्याला "फिर" ठाऊक. तुझ्या आईने सांगून टाकले, "मी मुकी राहसू, पन आसं बोलाव नही," आणि खरोखर तोंड शिवले. भाजीत मीठ कमी का, हेसुद्धा हाताने विचारायची. मी एकटाच "पाणी घेतेस का, बाळ" असे तलाठ्यासारखे बोलत फिरलो. पोर तीन दिवस कोपऱ्यात. "हो आजोबा", "नको आजोबा". मी हिचा आबा आहे रे, आजोबा कुठून झालो?

काल तिने शेजारच्या कुंदाबाईला विचारले, आबा माझ्यावर रागावले का? आजीसुद्धा बोलत नाही. कुंदाबाईने विचारले, असे का वाटते? तर म्हणाली, पप्पा घरी असे शाळेसारखे शुद्ध बोलायला लागले की समजायचे, रागावलेत. लाडात असले आणि मम्मी स्वयंपाकघरात असली की मला भरवताना म्हणतात, "खाई ले वं माय, थोडंसंच शे."

गोपाल, हे तुझ्या आईचे वाक्य आहे. तू जेवायचा नाहीस, तेव्हा ती ताट घेऊन तुझ्यामागे अंगणभर हेच, "वं माय"च्या जागी "रे भाऊ" घालून, म्हणत फिरायची. म्हणजे पोरीची जीभ बिघडवणारा धुळ्यातच, आणि शिव्या आम्हाला!

मी अट मोडली. तुझ्या आईचे तोंड सुटले ते अजून मिटलेले नाही. पोर आता झाडावर बसून साऱ्या गल्लीला "सैन्य तयार शे" ऐकवते. न्यायला येणार असशील तर ये, पण आधी तुझ्या तोंडाचा बंदोबस्त कर. लवकर कळव, मला झोप नाही.

वैतागलेला,
आबा

धुळे, १४ मे २०२५

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र रविवारच्या आधी मिळाले, म्हणून ठरल्याप्रमाणे न्यायला निघालो नाही. ते वाक्य माझ्या तोंडून जाते, हे मला माहीत नव्हते. शीतलला पत्र दाखवले. ती आधी हसली, मग तिने ते पुन्हा वाचले.

शाळा सोळा जूनला उघडते. तोपर्यंत रिद्धीला राहू द्या. ती धड जेवत नाही, म्हणून तिला आईनेच भरवावे. ते शब्द आईच्याच तोंडी नीट बसतात. मला तेवढे जमत नाही.

आपला,
गोपाल