सहाव्या खिशाची पितळी कमान

मी, राजेंद्र भगवान रणपिसे, वय सहासष्ट, धंदा धातूला पॉलिश करण्याचा, राहणार मोरिवली, अंबरनाथ, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. छाती निकामी होत चालली आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट बायको म्हणते, "कागद कसले खरडताय, त्यापेक्षा खरवईला जाऊन या." बदलापूरला खरवईत माझा मुलगा प्रमोद राहतो. सात वर्षांत मी तिथे पाऊल टाकलेले नाही. का, ते पुढे येईल. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. मोरिवलीचे दोन खोल्यांचे घर आणि पोस्टातली ठेव माझी पत्नी तुळशी हिला. ती आहे तोवर घर विकण्यासाठी कोणी तिच्या मागे लागू नये. मोरीतली फुटकी फरशी मी दहा वर्षे "उद्या बसवतो" म्हणत आलो. ती आता दुसऱ्या कोणाकडून बसवून घ्यावी.

२. तुळशीचा भाऊ सदू याला माझ्या वस्तूंतला एक खिळाही देऊ नये. माझी मुलगी हर्षदा विसाव्या वर्षी काविळीने गेली, तेव्हा हा गृहस्थ दारात उभा राहून म्हणाला, "दाजी, मुलगा आहे ना, मग झालं तर." मी गेल्यावर तो खांदा द्यायला पुढे आला तर त्याला बाजूला घ्यावे. चहा द्यावा. खांदा देऊ देऊ नये.

३. उल्हासनगरच्या हरेश तलरेजा यांची एक पितळी कमान माझ्या कपाटात आहे. ती माझी नाही, म्हणून देतो असे लिहिता येत नाही, परत करतो. हरेशच्या वडिलांच्या क्लबात बिलियर्ड्ससारख्या खेळाचे एक जुने पूल टेबल आहे. त्याला सहा खिसे आणि प्रत्येक खिशाच्या तोंडाशी पितळेची कमान. बॉल तिला घासून आत पडतो. २००३ साली त्या सहाही कमानी, कोपऱ्यांच्या पट्ट्या आणि गंजून बसलेले बोल्ट माझ्याकडे आले. बोल्ट मी रॉकेलमध्ये भिजत घातले. पितळ एवढे काळे पडले होते की लोखंड वाटावे. हर्षदा तेव्हा नऊ वर्षांची. शाळेतून आली की चिंच-मीठ घेऊन पट्ट्या घासत बसायची आणि फ्रॉकची वाट लावायची.

आमच्या दुकानाचा एक नियम, माझ्या वडिलांपासूनचा: वस्तूची मागची बाजूही पुढच्यासारखीच चमकली पाहिजे. गिऱ्हाईक बघत नाही, पण आपण बघतो. सहावी कमान मागून-पुढून पूर्ण करून मी पाणी प्यायला गेलो. येऊन बघतो तर मागच्या बाजूला खिळ्याने "हर्षदा" कोरलेले. "दा"ला जागाच उरली नव्हती, तो खाली घसरला होता. मी ओरडलो, "काय गं हे करून ठेवलंस?" तर म्हणते, "पप्पा, टेबलाखाली कुणाला दिसतंय?" पुन्हा पॉलिशच्या मोटरीवर धरली असती तर दोन मिनिटांचे काम. नाही धरली. जन्मात एकदाच नियम मोडला आणि कमान तशीच बसवून आलो.

ती गेल्यावर मी उल्हासनगरला काम काढून जायचो, टेबलाखाली हात घालून ती अक्षरे चाचपायचो. हरेशला वाटायचे, मी बोल्ट तपासतोय. हे मी तुळशीला सांगितले नाही, प्रमोदला सांगितले नाही. ते नाव मी माझे एकट्याचे करून ठेवले. घरात आई होती, भाऊ होता, तरी.

४. २०१८ साली क्लब नव्याने करायचा म्हणून कमानी पुन्हा माझ्याकडे आल्या आणि त्याच आठवड्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन निघाले. प्रमोद तेव्हा एकोणतीस वर्षांचा, माझ्याच हाताखाली काम करणारा. त्याला मी उठता-बसता ऐकवायचो की तुझ्या हाताला चमक नाही, मागची बाजू तशीच सोडतोस. पाच दिवसांनी दुकानात आलो तर सहाही कमानी फडक्यावर मांडलेल्या, लखलखीत. "पप्पा, उलट्या करून बघा. मागून पण मारल्यात. आता बोला!" हसत होता हो पोरगा. मी सहावी उलटली. तिच्यात मला माझे तोंड दिसले.

मी त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, "ती गेली त्यापेक्षा तू गेला असतास तर बरं झालं असतं." हे वाक्य मी इथे मुद्दाम पुरते लिहितो, कारण सात वर्षे मी लोकांना "जरा बोलाचाली झाली" एवढेच सांगत आलो. त्याने भुशाने हात पुसले, एप्रन खुंटीला अडकवला आणि गेला. त्याला त्या नावाची कल्पनाच नव्हती. सांगितले असते तर त्याने ती कमान जिवापाड जपली असती. त्याने फक्त माझा नियम पाळला होता.

सहावी कमान मी हरेशला दिलीच नाही. त्याचे टेबल पाच कमानींवर उभे आहे, सहावा खिसा बोडका. कोणी विचारले तर तो म्हणतो, "राजूभाई के पास है, काम चालू है." मला एकदाही टोकले नाही.

५. दुकानाचा गाळा, बफिंगची मोटर आणि सगळी हत्यारे मुलगा प्रमोद याला. चालवावे, विकावे, कुलूप घालावे, त्याची मर्जी. प्रमोद, तुझ्या हाताला चमक होती रे. त्या कमानीवर मी सात वर्षे ओरखडा शोधतोय, सापडत नाही. तुझी आई दर दुसऱ्या रविवारी तुझ्याकडे डबा घेऊन निघते, मी तिला रिक्षात बसवतो आणि मागे फिरतो. प्रत्येक वेळी वाटते, आपणही बसावे. माफ कर बाबा. तू गेला असतास तर मी जगलो नसतो.

६. त्या दिवशी मोटरीखाली पडलेली पितळेची धूळ मी झाडून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवली आहे. तिच्यात बाकीच्या कमानींची धूळ आहे, कापडाचे धागे आहेत, पण नावही तिच्यातच आहे. डबा भंगारात देऊ नये. काय करायचे ते तुळशीने ठरवावे.

७. साक्षीदारांविषयी. वकीलबाई स्वप्नाली म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. हरेश चालेल, तो आपलीच वस्तू परत घेतोय. दुसऱ्या साक्षीदाराचे बघत होतो. मी तुळशीबरोबर प्रमोदला निरोप धाडला, की गाळा तुझ्या नावे लिहिलाय, रविवारी सह्या आहेत, ये, नुसता बस. त्याने आईला सगळे नीट विचारून घेतले आणि म्हणाला, "ज्याला काही नको तोच सही करतो ना? मग दुसरा साक्षीदार मी."

वरील सर्व मी समजून-उमजून लिहिले आहे.

ठिकाण: मोरिवली, अंबरनाथ
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार
(सही) राजेंद्र भगवान रणपिसे

साक्षीदार:
१. (सही) हरेश तलरेजा, उल्हासनगर
२. (सही) प्रमोद राजेंद्र रणपिसे, खरवई, बदलापूर

सह्यांनंतर लिहिले आहे, त्यामुळे वकीलबाई रागावतील. तो आला. आत बसला नाही, दारातच कागद भिंतीला लावून सही केली. मी म्हणालो, "वाच तरी. चार नंबर, पाच नंबर वाच." तो म्हणाला, "साक्षीदारानं वाचायची गरज नसते." वकीलबाईंकडे पाहिले, तर त्यांनी मान हलवली, नसते म्हणून. त्याने हरेशचे पेन हरेशला दिले, आईला "येतो" म्हणाला आणि निघाला. कलम पाच मी खोडलेले नाही.