अनसचे रिपोर्ट

सोमवार, १० नोव्हेंबर

अनसने शनिवारी टाकलेले रिपोर्ट आज फोल्डरमध्ये नाहीत. एकही नाही. छायाने काउंटरवरून पाहिलं, ऋत्विकसरांनी केबिनमधून पाहिलं, मी माझ्या टेबलावरून पाहिलं. आम्ही केलेली कामं जागच्या जागी, फक्त त्याचीच गायब. दिवाळीपासून हेच चाललंय.

सोनाळ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं. तिने नुसता हात पुढे केला. मला लाज वाटली.

मग सर सगळ्यांसमोर सुरू झाले. "संग्रामपूरसारख्या ठिकाणी लोकांचा भरोसा गेला की लॅब बंद." बोलत होते सगळ्यांना, बघत होते अनसकडे. तो तपासणीच्या मशीनजवळ बसतो. "मी टाकले होते, सर," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लॅबमधले कॉम्प्युटर माझ्याकडे. म्हणजे पगार रिपोर्ट टाइप करण्याचा, पण कुठे वायर निघाली की हाक "संजीवनी!" शिकले कुठे, तर मोबाईलवर बघून.

आमचे सगळे रिपोर्ट एका मशीनवर राहतात. ते सरांच्या टेबलाखाली असतं, श्रावणात नवीन आलं. नाव 'लॅब'. आपल्या कॉम्प्युटरवरून 'लॅब' उघडायचं, आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा, की फोल्डर समोर. एवढं साधं. तरी सर म्हणाले, कोण कधी आत गेलं ते त्या मशीनवर उमटतं, ते काढ.

काढलं. रिपोर्ट गायब झाले त्या दिवसांत फक्त अनसचं नाव. दुसरं कोणीच नाही.

सर खुर्चीत मागे टेकले. "बघ, एकटाच जात होता." मी मान हलवली. हलवायला नको होती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सरांनी बोलावलं. म्हणाले, "अनसनेच उडवले असं तू लिहून दे. शनिवारी त्याला काढतो. पोलिसांत अर्ज द्यायचा की नाही ते मग बघू."

— मी लिहून द्यायचं!

छायाकडे त्याचंही कारण तयार होतं. "खामगावच्या एका लॅबवाल्यानं बलावलं म्हन्ते त्याले. जाता जाता आपलं वाटोळं करून राह्यला." कोण म्हणतं, विचारलं तर सांगेना.

अनस पिंपळगाव राजाचा. घरात शिकलेला हा एकटा. कामावरून काढलं ते एक वेळ पचेल, पण रिपोर्ट उडवणारा म्हणून नाव झालं तर जिल्ह्यात कोणती लॅब त्याला उभं करेल? जेवताना त्याच्या समोर बसले. भाजी पुढे केली, त्याने नको म्हटलं. विचारलं, "खरं सांग, काय झालं?"

"काई नाई झालं, ताई. तुमी नोका पडू याच्यात."

हे बोलताना डोळे खाली. मला रागच आला. निर्दोष माणूस भांडतो, हा नुसता गप्प! मीही डबा बंद केला आणि उठले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज उलटंच. अनसचे सगळे रिपोर्ट फोल्डरमध्ये हजर, शनिवारचेसुद्धा. आणि मी आणि छायाने दिवाळीपासून केलेले गायब.

सकाळी लॅब उघडणारे आमचे शिपाई उकंडराव दिवाळीनंतर आज पहिल्यांदाच शेगावला दर्शनाला गेले, म्हणून शटर उघडण्यापासून सगळं मीच केलं होतं. म्हणजे माझ्या आधी कोणी आत आलेलं नव्हतं. तरी हे.

सरांचा आवाज चढला. "घाबरून स्वतःचे परत टाकले, अन् आपले उडवले. आता तरी पटलं?" खरं सांगायचं तर दुपारपर्यंत मलाही पटलं होतं. कागद समोर घेतला. 'मी, संजीवनी' इतकं लिहिलं.

मग एक गोष्ट खटकली. मंगळवारी मी जे काढलं होतं त्यात माझंही नाव नव्हतं. छायाचं नव्हतं, सरांचं नव्हतं. आम्ही तर रोज 'लॅब' उघडतो! मग आम्ही रोज जातो कुठे?

कागद फाडला. सर म्हणाले, शनिवारी सकाळी पाहिजे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा पालटलं. आमचे आले, अनसचे गेले. आज सरांनी त्याच्याशी बोलणंच टाकलंय.

मी काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसले. छायाला चहाला पाठवलं. 'लॅब' उघडलं, नाव अनसचं टाकलं आणि पासवर्ड म्हणून मनाला येईल ते बडवलं.

आत घेतलं!

पुन्हा केलं. या वेळी लॅबमध्ये नसलेल्याच माणसाचं नाव दिलं. तरीही घेतलं. नवीन मशीन असं करत नाही. त्याच्यावर माझाच पासवर्ड एकदा चुकला होता तेव्हा मला बाहेरच उभं केलं होतं. हे जे कोण आहे ते ओळख नसलेल्यालाही पाहुणा म्हणून आत बसवतं.

वायरींनी एकमेकांना जोडलेल्या प्रत्येक मशीनला एक नंबर असतो. कॉम्प्युटरला विचारलं, 'लॅब' म्हणजे कोणता नंबर? जो आला तो सरांच्या टेबलाखालच्या मशीनवर चिकटवलेल्या नंबरशी जुळेना. म्हणजे त्याच नावाने दुसरंच कोणीतरी ओ देत होतं.

भिंतीवरच्या डब्यातून सगळ्या वायरी निघतात. एकेक धरत गेले. एक वायर कोठीत गेली, जिथे आम्ही रिकामे खोके आणि फिनेल ठेवतो. कोठीत मी महिन्यात एकदा डोकावत असेन.

स्टुलावर आमचं जुनं मशीन. चालू! कपाळावर हळदकुंकू, झेंडूची वाळलेली माळ, पुढे अगरबत्तीची राख.

उकंडरावांना हाक मारली. म्हणाले, "हाव, मीच लावतो रोज. लक्ष्मीपूजनाले आईनं काढाले लावलं. म्हने, याच्यावर लॅब उभी राह्यली, याले अंधारात काऊन ठेवलं? रोज सकायी अगरबत्ती लावून चालू करत जा. वायरी होत्या तशाच लावल्या म्या."

आई म्हणजे सरांच्या आई, कौशल्याबाई.

तिथेच खोक्यावर बसले आणि सगळं जुळलं. नवीन मशीन बसवणाऱ्या माणसाने त्यालाही 'लॅब' हेच नाव दिलं होतं, आमचीच नावं आणि पासवर्ड घातले होते, म्हणजे कोणाला काही नवं शिकायला नको. जुनं तेव्हा बंद होतं, म्हणून काही बिघडलं नाही. एका नावाची दोन मशीनं असली की सकाळी जे आधी उठतं ते नाव धरून बसतं. रात्री मेन बंद करायची सरांची पद्धत. उकंडराव आले की आधी कोठीत पूजा, मग बाकीचं. मग आम्ही सगळे दिवसभर जुन्यावर काम करणार! आणि गुरुवारी पूजा नाही, तर नव्यावर.

अनसचा कॉम्प्युटर तेवढा वेगळा. तो आमच्यासारखा विंडोजवर नाही, लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टीमवर चालतो. त्याला नाव पटकन सापडत नव्हतं म्हणून बसवणाऱ्याने नव्या मशीनचा नंबरच त्यात लिहून दिला होता. म्हणून तो एकटा रोज बरोबर जागी रिपोर्ट टाकत होता! आणि चोर तोच ठरला.

रडू आलं. उकंडराव बिचारे घाबरले. "माह्यानं काई चुकलं का, बाई?" नाही हो, म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सरांना कोठीत नेलं, दाखवलं. दोन्ही मशीनवरचे रिपोर्ट एकत्र केले. एकही गेलेला नव्हता.

आता आईंना कोण सांगणार? सर म्हणे तूच सांग. वरच्या मजल्यावर गेले. कौशल्याबाई तूर निवडत होत्या. देवाचं मशीन बंद करा असं कसं म्हणायचं, म्हणून इकडून तिकडून सुरुवात केली. त्यांनी ऐकलं आणि हसल्या. "अवं, मंग थे वायर काढून टाक नं! अगरबत्ती त काई वायरीतून जात नाई. येवढ्यासाठी पोट्ट्याले तरास झाला? मले आधीच सांगाचं होतं."

झालं. एवढंच. वायर काढायला एक क्षणही लागला नाही.

सर अनसला म्हणाले, "जाऊ दे, गैरसमज झाला." मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, सोमवारी सगळ्यांसमोर बोलला होतात, आता माफीही सगळ्यांसमोर मागा. कुठून बळ आलं माहीत नाही. सरांनी मागितली. छाया कीबोर्ड पुसत बसली होती.

अनस "ठीक आहे, सर" म्हणाला. मी शोधलं म्हणून माझीच छाती फुगली होती. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज नळ्यांची पेटी आणायला अनसबरोबर कोठीत गेले. त्याने न बघता स्टुलाला वळसा घातला आणि पेटी उचलली. मी सहज म्हटलं, तुला एकदा तरी हे चालू दिसलं असतं ना!

तो म्हणाला, "दिवाळीच्या दुसऱ्याच हप्त्यात दिसलं होतं, ताई. समजलं बी होतं. पन पूजेचं मशीन बंद करा, हे मी कोन्या तोंडानं सांगू? चोर म्हनले असते तं लॅब सुटली असती. पूजा बंद पाडली म्हनले असते तं गाव सुटलं असतं."