कोल्ह्यांसाठी भरलेली काडतुसं

चाचा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तांदूळ मापताना मध्येच कुणी बोललं की मी ते डब्यात परत ओतते आणि पहिल्यापासून मापते. नवरा हसतो. ही खोड मला आखातात, तुमच्या अल रय्यानमधल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत लागली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी मालकाच्या ऑफिसात टायपिंग करायचे, तुम्ही त्याच्या रायफलीची काडतुसं भरायचात. वसईला असताना दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधायचे, हे कळल्यावर तुम्ही मला थेट तुमच्या टेबलापाशी बसवलंत. अल खोरच्या वाटेवर मालकाचं फार्म होतं. तिथल्या पाळलेल्या पक्ष्यांवर कोल्हे पडायचे आणि ते मारायचा परवाना मालकाकडे होता. पण रायफल हौसेने बनवून घेतलेली, तिला बसणारं काडतूस कुठलाच कारखाना काढत नव्हता. मग दुसऱ्या रायफलीची रिकामी पितळी काडतुसं घ्यायची, साच्यात दाबून त्यांचा गळा बारीक करायचा, दारू तोलून भरायची आणि वर गोळी बसवायची. पन्नासांचा एक ट्रे. भरताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. एकदा मालकाचा ड्रायव्हर दारातून डोकावून म्हणाला, "चाय भेजूँ क्या?" आणि मी "हां" म्हटलं. तुम्ही अख्खा ट्रे माझ्यापुढे सरकवलात. "ओत गो सगळं परत. हां बोललीस तवा हात कुठल्या काडतुसावर होता, ठाव हाय तुला? एकात दुप्पट पडली तर रायफल मालकाच्या तोंडावर फुटंल. मग तू पन खलास नि मी पन खलास." अडतीस काडतुसांत दारू भरून झाली होती, फक्त गोळ्या बसवायच्या होत्या. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, पण ओतली.

पुढे मला ते काम फार आवडायला लागलं. काट्याचा तराजू स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसायचं, आणि शेजारी तुम्हीही तसेच. एका पहाटे तुम्ही मला फार्मवर नेता. दूरवर कोल्हा दिसतो, मालक एकच बार काढतो, कोल्हा जागच्या जागी पडतो. मालक तुम्हाला "शुक्रन" म्हणतो आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून सांगता, "ये इसने भरा है." तेवढं कौतुक मला आयुष्यभर पुरलं आहे.

मग तुमचे डोळे जायला लागले. एकदम नाही, हळूहळू. तुम्ही जेवायला गेलात की मी तुमचा ट्रे पुन्हा तोलायचे. एके दिवशी एक काडतूस रिकामं निघालं आणि त्याच्या शेजारचं नको तेवढं भरलेलं. "चाचा, डोळे दाखवा," मी म्हटलं. "डोल्यांना काय धाड भरलीय? चष्म्यावर धूल हाय," तुम्ही म्हणालात. तीनदा सांगितलं, तीनदा धूळच. चौथ्यांदा मी मालकाकडे गेले.

हो, मी. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं तसं ड्रायव्हर नव्हे. मालकाने तुम्हाला मानाने घरी पाठवलं. मुंबईत ऑपरेशन झालं आणि पुढची आठ वर्षं तुम्ही रत्नागिरीहून फोनवर सांगत राहिलात, "आता बंदरावरून होडीतल्या मानसाचा चेहरा वलखतो गो." मला किती बरं वाटायचं. पण प्रत्येक फोनच्या शेवटी तुम्ही त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला शिव्या घालायचात, आणि मी म्हणायचे, "जाऊ द्या ना चाचा." त्याच्यावरचा आळ मी काढून टाकायला हवा होता. नाही काढला.

सांगितल्याचा पस्तावा मात्र मला नाही. तुमचे डोळे वाचले, मालकाचं तोंड वाचलं. तुमच्या मुलीचा पत्ता आहे माझ्याकडे, पण तिला हे वाचायला लावून काय मिळणार? पत्र इथेच खणात राहील.

एक राहिलंच. तुम्ही गावी परत गेल्यावर मालकाने तुमचं टेबल मला दिलं. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसले आणि मला वाईट वाटायला हवं होतं. घरी जाताना मी वाटेत बिन महमूद भागात उतरले आणि मोठा केक घेतला. नवऱ्याने विचारलं, वाढदिवस कुणाचा? ऑफिसात कुणाचा तरी होता, उरलाय, असं मी सांगितलं. कुणाचाच नव्हता, चाचा. आणि केक अख्खा होता.