चिलापीचं औषध

३ फेब्रुवारी, सोमवार
आज पुन्हा सात मेले. चिलापी. पोटं फुगलेली, शेपट्या कुजलेल्या. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, आता मासे पुरते.

टाक्या अंजलीच्या, माझ्या भाचीच्या. ती पहाटे चाकणला कंपनीत जाते, वर ओव्हरटाइम. खाद्य मी घालते. काळेवाडीची खोली बंद करून त्यासाठीच आले. 'आत्या, एवढी एक बॅच निघाली की नोकरी सोडते.' तिच्या पायांची सूज बघवत नाही.

५ फेब्रुवारी
सयाजीच्या दुकानातली पावडर रोज खाद्याला चोळायची. पचन सुधारतं म्हणे, रोग जवळ येत नाही. बरणीवर धड नावही नाही. थंड पाण्यात गुठळ्या होतात, आणि पाणी विहिरीचं. उकळल्याशिवाय मी कुणाच्या पोटात काही जाऊ देत नाही, माशाच्या का असेना. खळखळत्या पाण्यात कशी छान विरघळते! रविवारीही मीच करते, तिला झोपू देते. तीन आठवड्यांत एक दिवस चुकले नाही.

आज अकरा.

६ फेब्रुवारी
सयाजीला फोन केला. 'मावशी, माल ताजा आहे हो. बाकीच्यांचे मासे बरे आहेत.' म्हटलं, बाकीच्यांचं कौतुक मला सांगू नका.

दुपारी मत्स्यपालकांच्या ग्रुपवर लिहिलं — हा माणूस औषध म्हणून खडू विकतो. दोनशे लोक आहेत तिथे. संध्याकाळपर्यंत तिघांनी ऑर्डर रद्द केली. कॉन्व्हेंटमध्ये एक शिकवलं होतं, खोटेपणा दिसला की गप्प बसायचं नाही.

८ फेब्रुवारी
एकोणीस. अंजली रडली नाही. टाकीच्या कडेला बसून भाकरी खाल्ली. 'तू नको मनाला लावून घेऊ, आत्या.' मला तर मन आहे की नाही तेच कळेनासं झालंय. कंबर तेवढी आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार
पाचच्या सुमारास सयाजी स्वतः आला. चहा विचारला नाही. 'तुम्ही कसं कालवता, तेवढं बघू द्या.' बघा म्हटलं. गॅस पेटवला, पाणी उकळलं, पावडर ओतली.

तो पातेल्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात, 'मावशी, हे जिवंत असतं. विरजणासारखं. उकळत्या दुधात विरजण लावता का तुम्ही?'

चष्म्यावर वाफ धरली. मी पुसली नाही. आयुष्यभर जंतू उकळून मारले, आणि हे मला त्याने सांगायचं.

तो निघाला तेव्हा अंजली फाटकातच भेटली. मी कान देऊन होते. 'ताई, तो माल जुना निघाला. माझीच चूक. बदलून देतो. फक्त गार पाण्यात कालवा.' माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी? मी ते पातेलं घासत होते.

११ फेब्रुवारी
गार पाण्यात कालवलं. गुठळ्या बोटांनी फोडल्या. अंजलीला काही बोलले नाही.

१३ फेब्रुवारी
दोनच मेले. बाकीचे खाद्यावर झडप घालतात. अंजली आज हसली. 'बघ, बरणी बदलल्याबरोबर! म्हणजे फसवतच होता की तो. बरं झालं तू लिहिलंस.' मी हं म्हटलं.

ग्रुपवर अजून चालूच आहे. आता त्याचं नावच खडूवाला पडलंय. कुणीतरी विचारतंय, दुकान बंद केलं का त्याने.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी ग्रुपवर लिहिलं. पावडर चांगली होती, मी ती उकळून मारली, सयाजीने माझ्यासाठी चूक अंगावर घेतली. खाली पूर्ण नाव.

सहाला अंजली आली. हाक मारली नाही. सरळ मागे गेली, खाद्याचं घमेलं उचललं आणि स्वतःच कालवायला बसली.