आपण हे पाळत न्हाय

आबा, तुम्ही हिवताप खात्याच्या नोकरीत मुरुडच्या वाड्यांमधून डासांच्या अळ्या शोधून मारत फिरलात, विहीर सोडली नाहीत की टाकी, आणि तुमची मुलगी आता प्रयोगशाळेत मलेरियाचे जंतू वाढवते. तेही पगारावर. डासाच्या पोटात हे जंतू ज्या अवस्थांमधून जातात, त्या आम्ही डासाशिवाय, बशीत घडवून आणायला बघतो. लस करायची तर ते भरपूर लागतात, आणि दर वेळी एकेक डास चिरत बसणं जमत नाही. एवढं मला समजतं. पुढचं समजत नाही.

मी आठ वर्षांची. स्वयंपाकघरात हंड्यामागे बाटलीत वळवळत्या अळ्या ठेवल्यात, त्यांना पेज घालतेय. तुम्ही बाटली अंगणातल्या तापल्या मातीत ओतता. "काय गो, आपण हे मारतो, पाळत न्हाय." आतून आई म्हणते, "आणि माझी पळी? ती तरी घरात पाळा." सरकारी पळी विहिरीत पडल्यापासून तुम्ही तिची आमटीची पळी अळ्या उपसायला नेत होता. निवृत्त झालात तेव्हा ती घासूनपुसून मला दिलीत. अजून माझ्या ओट्यावर टांगलेली आहे. आमटीत बुडवायची हिंमत मलाही झालेली नाही.

गेल्या महिन्यात मी घोळ घातला. माणसाच्या रक्तातले जंतू अंगाच्या उबेत वाढतात, डासातल्यांना गारवा लागतो. रक्तातले वाढवायच्या सवयीने मी जंतू उबवायच्या पेटीत माणसाची ऊब ठेवली. मलेरियाच ताप येऊन मेला, आबा. आमच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, हे मारायला कुठे शिकलात?" मी म्हटलं, "घरीच." मग बाथरूममध्ये जाऊन रडले. कशासाठी, ते अजून कळलेलं नाही. तुमची धाकटी बहीण याच तापात गेली, म्हणून तर तुम्ही ती नोकरी धरलीत. तुम्ही असता तर पेढे आणले असते की कान धरला असता? मला दोन्ही ऐकू येतं, आणि दोन्ही तुमच्याच आवाजात.

आता जंतूंची एकच खेप उरली होती. तीही गेली असती तर काम बंद. आज सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर ते हलत होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी त्यांना म्हटलं, "जगा रे बाबांनो."

हा कागद पळीमागे खोचून ठेवते. पाठवायची सोय नाही तेच बरं. असती, तर 'जगा रे बाबांनो' हे एक वाक्य खोडूनच पाठवलं असतं.